कामावरच्या अडचणींचे मूळ कसे शोधावे?

भाताच्या खाचरात लव्हाळा माजला, तर नुसता वरून खुरपून भागत नाही हे तुम्हांला कोणी सांगायला नको. वरचे पाते कापले की बांध दोन दिवस मोकळा दिसतो, आणि आठवड्याने पाहावे तर लव्हाळा पहिल्याहून तजेलदार! कारण त्याची गाठ जमिनीत खाली असते. ती गाठ हाताला लागेपर्यंत खणावे लागते. शेतातले हे शहाणपण आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण कारखान्यात, शाळेत, ग्रामपंचायतीत, सोसायटीत काही बिघडले, की मात्र आपण नेमके उलट वागतो. वरचे पाते कापतो आणि निर्धास्त होतो. कामावरच्या अडचणींत हे वरचे पाते बहुधा एखादा गरीब माणूस असतो. म्हणून आजचा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे. मूळ चुकीचे सांगितले, तर अडचण राहते ती राहतेच, शिवाय एखाद्या निरपराध माणसाची भाकरी जाते.

खालापूर तालुक्यातले साजगाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. खोपोलीच्या शेजारचे हे गाव. कार्तिकात तिथे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार, असा हा आपल्या रायगडाकडचा आगळा मेळ! याच गावाच्या आसमंतात खोपोलीला १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले, आणि पुढे पोलाद, कागद, रसायने यांचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे साजगावसारख्या गावात एकाच घरात एक भाऊ शेतावर, दुसरा कारखान्यात, बहीण अंगणवाडीत आणि मेहुणा ट्रकवर, असा संसार असतो. प्रत्येकाचे काम वेगळे, पण संध्याकाळी ओटीवर बसल्यावर तक्रारी मात्र सारख्याच. "यंत्र परत बंद पडलं." "साहेब म्हणतात, चूक तुझीच." "सांगून सांगून थकलो, पण होतं तेच होतं." या तक्रारींकडे कसे पाहावे, ते आज पाहू.

प्रथम एका गावची गोष्ट घेऊ. गोष्ट कल्पनेतली आहे, पण अशी गावे तुम्ही पाहिलेली असतील. समजा, गावच्या नळपाणी योजनेची मोटर दरवर्षी उन्हाळ्यात जळते. मोटर जळली की बाया हंडे घेऊन नदीला, ग्रामसभेत आरडाओरड, आणि शेवटी ठराव कोणता? "पाणी सोडणारा शिपाई झोपा काढतो. त्याचा महिन्याचा पगार कापावा." सगळे माना डोलावतात. दुरुस्ती होते, पाणी येते, आणि पुढल्या उन्हाळ्यात मोटर पुन्हा जळते. मग शिपाई बदलतात. नवा शिपाई येतो, आणि मोटर जळायची ती जळतेच!

इथे कोणीतरी उठून एक साधा प्रश्न विचारायला हवा होता : मोटर का जळली? तारतंत्री सांगतो, विहिरीतले पाणी खाली गेले आणि मोटर कोरडी फिरली. बरे, कोरडी फिरत असताना ती बंद का केली नाही? शिपाई म्हणतो, "अहो, मी तिथं नव्हतोच. मोटर चालू करून मला वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह फिरवायला जावं लागतं, जाऊन येऊन पाऊण तास लागतो." मग मोटरीपाशी दुसरे कोणी का नसते? कारण पंचायतीने एकच माणूस नेमला आहे. बरे, पाणी संपताच मोटर आपोआप बंद करणारे उपकरण बाजारात मिळते, ते का बसवले नाही? कारण पंचायतीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीला पैसे धरले आहेत, मोटर बिघडू नये म्हणून करायच्या खर्चाला काहीच धरलेले नाही. मोटर जळल्यावर पैसे निघतात, ती जळू नये म्हणून निघत नाहीत!

पाहा, आपण कुठून निघालो आणि कुठे पोचलो. निघालो होतो शिपायाच्या झोपेपासून, आणि पोचलो अंदाजपत्रकाच्या एका ओळीपाशी. शिपायाचा पगार कापून ती ओळ बदलणार होती काय? दहा शिपाई बदलले असते तरी दहाव्याच्या हातूनही मोटर जळलीच असती. पण ती ओळ बदलली, एक उपकरण बसवले, तर आहे तोच शिपाई, तीच विहीर, तीच मोटर, आणि उन्हाळा निभावून जाईल.

या रीतीला कारखान्यांच्या जगात 'पाच वेळा का' असे म्हणतात. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते मागाचे कसबी कारागीर आणि संशोधक. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. त्याच घराण्याने पुढे मोटारींचा कारखाना काढला, आणि तिथले एक अधिकारी ताइची ओनो यांनी ही 'का'ची रीत कारखानाभर रुजवली. ओनो यांनी १९७८ साली लिहिलेल्या पुस्तकात दिलेले उदाहरण असे. एक यंत्र बंद पडले. का? त्यावर बोजा पडला आणि फ्यूज उडाला. बोजा का पडला? बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नव्हते. का मिळत नव्हते? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का ओढत नव्हता? पंपाचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? पंपाला गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. म्हणजे मूळ सापडले ते एका गाळणीत! पहिल्याच 'का'वर थांबणारा माणूस नवा फ्यूज घालून घरी गेला असता, आणि चार दिवसांनी यंत्र पुन्हा थांबले असते.

पाच हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. कधी तीन प्रश्नांत मूळ लागते, कधी सात लागतात. खरी खूण ही की, उत्तर असे हवे ज्यावर आपल्याला काही करता येईल, आणि जे केल्यावर ती अडचण पुन्हा डोके वर काढणार नाही.

आता आपल्याच डोंगरातली एक खरी गोष्ट सांगतो. कर्जतहून खंडाळ्याला चढणारा बोर घाटाचा रेल्वेमार्ग तुम्ही पाहिला असेल. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने या कामाला हात घातला आणि १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. २५ बोगदे, उंच दगडी पूल, आणि ३७ फुटांत एक फूट असा चढ. १८६१ च्या सुमारास या कामावर ४२,००० च्या वर माणसे राबत होती. तेवढी वस्ती त्या काळी एखाद्या मोठ्या शहरात असे!

या कामाचा मक्ता प्रथम विल्यम फेव्हिएल या इंग्रज मक्तेदाराकडे होता. १८५९ च्या जानेवारीत घाटात मजुरांचा मोठा दंगा झाला. मजूर गोऱ्या देखरेखदारांवर चालून गेले. १८५७ चे बंड नुकतेच शमलेले, त्यामुळे सरकारी वर्तुळात काय वाटले असेल ते ओळखणे कठीण नाही. "हे लोक मुळातच बंडखोर" असे म्हणून चार जणांना तुरुंगात टाकले असते, तर प्रकरण कागदावर मिटलेही असते. पण चौकशी झाली आणि निराळेच समोर आले. मजुरांची मजुरी थकलेली होती. ठरलेली मजुरी त्यांच्या हाती पडत नव्हती.

मजुरी का थकली? इथे त्या कामाची घडण पाहावी लागते. वर कंपनी, तिच्या खाली मक्तेदार, मक्तेदाराखाली पोटमक्तेदार, त्याच्याखाली मुकादम, आणि सगळ्यांच्या तळाशी पाटी उचलणारा मजूर. पैसा वरून निघायचा आणि प्रत्येक पायरीवर थोडा थोडा थांबायचा, जिरायचा. तळाशी पोचेपर्यंत उशीर व्हायचा आणि आकडाही घटायचा. मजुराला कंपनी दिसत नसे. त्याला दिसे तो समोरचा देखरेखदार. म्हणून राग निघाला तो त्याच्यावर. दंगा हे वरचे पाते; गाठ होती ती पैसे पोचवण्याच्या रीतीत.

त्याच वर्षी फेव्हिएल यांनी मक्ता सोडला. पुढे तो सॉलोमन ट्रेडवेल यांनी घेतला. पण हिंदुस्थानात येऊन पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना मृत्यूने गाठले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मक्ता आपल्या नावाने पुढे चालवला. सरकारने १८६० साली एक कायदा केला. रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, अशी सोय त्यात होती. इथवर ठीक. पण त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही होती. म्हणजे चौकशीने गाठ दाखवली, आणि उपाय करणाऱ्यांनी अर्धी गाठ काढून अर्धी तशीच ठेवली! मूळ शोधणे ही एक गोष्ट आणि सापडलेल्या मुळाशी प्रामाणिक राहणे ही दुसरी. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला गैरसोयीचे ठरणारे मूळ पुष्कळदा सापडूनही झाकले जाते.

याच घाटाने आणखी एक धडा दिला. मार्ग खुला होऊन चार वर्षे होतात न होतात, तो १८६७ च्या जुलैत, भर पावसात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. पावसाने पडला म्हणावे, तर पाऊस घाटाला नवा नव्हता. चौकशीत दगडकामच निकृष्ट असल्याचे आढळले. तेव्हा मग रेल्वेच्या इतर पुलांकडेही संशयाने पाहावे लागले आणि त्यांची तपासणी झाली. हे फार शहाणपणाचे झाले. कारण मूळ जर खरे असेल, तर त्याला एकच फांदी फुटत नाही. एका पुलाचा चुना कच्चा निघाला, तर त्याच रीतीने बांधलेला दुसरा पूलही तपासलाच पाहिजे. तुमच्या शाळेच्या एका खोलीचे छत गळाले आणि कारण निघाले की गवंड्याने उताराला माप दिले नव्हते, तर त्याच गवंड्याने बांधलेल्या बाकीच्या खोल्यांवर पावसाआधीच शिडी लावायला हवी.

आता दुसरी गोष्ट मुंबईची. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपण ऐकले असेल. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी १८९६-९७ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत प्लेगची लस तयार केली, आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती लस देशभर जाऊ लागली. १९०२ च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मुल्कोवाल गावी टोचण्या झाल्या आणि त्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ही सगळी माणसे एकाच बाटलीतली लस टोचलेली होती.

एकोणीस माणसे गेली! लोकक्षोभ साहजिक होता. दोष कोणाचा? चौकशी मंडळाने परळच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. तिथे लस निर्जंतुक करण्याची रीत बदलली होती, तेव्हा विष तिथेच मिसळले असणार, असे त्यांनी ठरवले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ एका निकालाने गुन्हेगारासारखा ठरला.

पण काही माणसे त्या निकालावर थांबली नाहीत. त्यांनी कागद पुन्हा चाळले आणि साधे साधे प्रश्न विचारले. बाटली भरली त्याला चाळीसहून अधिक दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तेव्हापासून बंद बाटलीत वाढत असते, तर बाटली उघडताना घाण वास आला नसता काय? तसा वास आल्याची नोंद नव्हती. मग जंतू आत केव्हा गेले? बाटली उघडताना. बाटलीचे बूच ज्या चिमट्याने काढले, तो चिमटा आधी जमिनीवर पडला होता, आणि नियमाप्रमाणे नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही माहिती कागदांतच होती. गावच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे आज शाळेतले मूलही सांगेल. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स' पत्रात हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, आणि त्या वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. मधली पाच वर्षे मात्र गेली ती गेलीच. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

या गोष्टीतून तीन बोध घ्यायचे. पहिला, जे नुकतेच बदलले आहे त्याच्याकडे बोट दाखवण्याची घाई होते. परळला रीत बदलली होती, म्हणून तीच दोषी धरली गेली. बदल हा संशयाला जागा देतो, पुरावा देत नाही. दुसरा, प्रत्येक 'का'च्या उत्तराला खूण लागते. बाटलीचा वास, चिमट्याची नोंद, ही खूण. खूण नसलेले उत्तर म्हणजे तर्कट. आणि तिसरा बोध अधिक कठीण आहे. चिमटा ज्याच्या हातून पडला त्या मदतनिसावर सगळा दोष टाकून मोकळे व्हावे, असे वाटते. पण तेही अर्धेच उत्तर. अशा प्रसंगी पुढला प्रश्न विचारायचा असतो : चिमटा पडू शकतो हे माहीत असताना दुसरा स्वच्छ चिमटा हाताशी ठेवायची रीत घालून दिली आहे काय? रांग लांब, वेळ थोडा, अशा वेळी माणसाने नियम कसा पाळावा याचा विचार झाला आहे काय? माणसाचा हात चुकणारच. ज्या व्यवस्थेत एक हात चुकला की माणसे मरतात, त्या व्यवस्थेतच काही उणे आहे.

इथे एखादा मुकादम किंवा पर्यवेक्षक म्हणेल, "म्हणजे चुकणाऱ्याला मोकळं सोडायचं काय?" नाही, तसे नव्हे. दारू पिऊन यंत्रावर येणाऱ्याला, जाणूनबुजून नासधूस करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण एकाच जागी तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून तीच चूक झाली, तर दोष त्या जागेत शोधावा, हे व्यवहारज्ञान आहे. रस्त्याच्या एकाच वळणावर वरचेवर गाड्या कोसळू लागल्या, तर सगळे चालक एकाच वेळी वेडे झाले, असे आपण म्हणतो काय?

रस्त्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे पाहू. रस्ता हे ट्रकचालकाचे कामाचे ठिकाणच. २०१६ साली या एका मार्गावर १५१ माणसे मृत्युमुखी पडली. "चालक बेफाम हाकतात" हे उत्तर सर्वांच्या तोंडी होते, आणि त्यात तथ्यही होते. पण त्या वर्षीपासून रस्तासुरक्षेचे काम करणाऱ्या मंडळींनी आणि रस्ते विकास महामंडळाने अपघाताच्या जागी जाऊन प्रत्येक वेळी आणखी प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी रस्ता सोडून गेली, हे खरे. पण ती कशावर आदळली? उघड्या खांबावर. खांबापुढे कठडा का नव्हता? बिघडलेला ट्रक कडेला उभा होता, तर मागून येणाऱ्याला तो का दिसला नाही? अशी एकेक जागा हुडकून दुरुस्त होत गेली आणि पुढल्या वर्षांत मृत्यूंचा आकडा लक्षणीय उतरला. चालकाची चूक होणे पुरते थांबले नाही. पण चुकीची शिक्षा मरण असू नये, एवढे साधू लागले.

आता शिक्षकबंधूंसाठी आणि बाईंसाठी एक उदाहरण. तुमच्या कामाच्या जागेचे यंत्र म्हणजे हजेरीपट. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतल्या शाळांत दिवाळीनंतर पटावरची काही नावे गळू लागतात. त्यांत कातकरी मुले बरीच असतात. तपासणीला साहेब येतात आणि शेरा मारतात, "हजेरी असमाधानकारक. शिक्षकाने लक्ष द्यावे." किंवा गुरुजी म्हणतात, "आईबापांना शिक्षणाची आवडच नाही." ही दोन्ही उत्तरे पहिल्याच पायरीवरची आहेत. मूल का येत नाही? घर बंद आहे. घर का बंद? कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेले आहे. भट्टीवर का गेले? पावसाळ्यात मालकाकडून उचल घेतली होती, ती फेडायची आहे. उचल का घेतली? लावणी आटोपली की हाताला काम नाही आणि घरात दाणा नाही. काम का नाही? स्वतःची जमीन नाही, आणि जवळपास दुसरी मजुरी त्या दिवसांत मिळत नाही.

आता हे मूळ काही एका शिक्षकाच्या हाताने उपटण्यासारखे नाही. म्हणून हात टेकायचे काय? मुळीच नाही. या साखळीतल्या प्रत्येक कडीवर कोणाचा ना कोणाचा हात पोचतो. मूल आजीपाशी मागे राहील किंवा हंगामी वसतिगृहात राहील, हे पाहणे शिक्षकाच्या आणि शाळा समितीच्या आवाक्यात आहे. श्रावण-भाद्रपदात गावात काम निघावे, ही मागणी ग्रामसभेच्या आवाक्यात आहे. मागेल त्याला काम द्यावे, ही वाट तर आपल्या महाराष्ट्रानेच १९७२ च्या दुष्काळात चालून दाखवली. आणि उचलीच्या पायी माणूस बांधला जात असेल, तर १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली आहे, हे त्याला सांगणे सुशिक्षित माणसाच्या आवाक्यात आहे. मात्र हे सगळे दिवाळीनंतर सुचून उपयोग नाही. हजेरी गळते कार्तिकात, पण तिचे बी पडते भाद्रपदात. मूळ कळले म्हणजे उपाय केव्हा करायचा तेही कळते, हा त्याचा मोठा लाभ.

'का'ची साखळी एकसुरी असते. पुष्कळ अडचणींना मात्र एकाच वेळी चार बाजूंनी कारणे येऊन मिळतात. त्यासाठी काओरू इशिकावा या जपानी अध्यापकांनी एक आकृती प्रचारात आणली. ती माशाच्या काट्यासारखी दिसते, म्हणून तिला माशाच्या काट्याचेच नाव पडले. साजगावच्या यात्रेला जाणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही! फळ्यावर एक आडवी रेघ ओढा. हा माशाचा कणा. उजव्या टोकाला डोके काढा आणि त्यात अडचण लिहा. मग कण्याला वर तीन, खाली तीन असे तिरपे काटे जोडा आणि त्यांना नावे द्या : माणूस, यंत्र, माल, कामाची रीत, मोजमाप आणि भोवताल. आता कामावरच्या सर्वांना बसवा आणि ज्याला जे कारण सुचेल ते ज्या त्या काट्यावर लिहा. झाडूवाल्या मावशींनाही विचारा. तेल कुठे सांडते ते साहेबांच्या आधी त्यांना ठाऊक असते. शेवटी त्यांतली कोणती कारणे खुणेने खरी ठरतात ते जागेवर जाऊन पाहा, आणि बाकीची खोडा. वरच्या वर्गांतील मुलांकडून गुरुजींनी ही आकृती एकदा करून घ्यावी. "वर्गात कचरा का साठतो?" एवढ्या साध्या प्रश्नावरही मुले असे काही शोधून काढतील की आपण थक्क व्हावे.

हे सारे करताना पाच पथ्ये सांभाळावीत. एक, अडचण नेमक्या शब्दांत मांडावी. "काम नीट होत नाही" असे न म्हणता "गेल्या महिन्यात मोटर तीनदा बंद पडली, तिन्ही वेळा पहाटे" असे म्हणावे; त्या 'पहाटे' शब्दातच अर्धे उत्तर लपलेले असते. दोन, कचेरीत बसून कारण ठरवू नये. जिथे बिघडले तिथे जावे, हात लावून पाहावे. तीन, जो माणूस रोज ते काम करतो त्याला आधी विचारावे, आणि विचारताना त्याच्या मनातली भीती काढावी. खरे बोलल्यावर पगार कापला जाणार असेल, तर कोणीही खरे बोलणार नाही, आणि खोट्या माहितीवर केलेला शोध वाळूतल्या विहिरीसारखा ढासळतो. चार, 'कोणी' हा प्रश्न मागे ठेवून 'का' आणि 'कसे' हे पुढे घ्यावेत. पाच, उपाय केल्यावर थांबू नये. महिन्याने, हंगामाने पुन्हा पाहावे. अडचण परत आली, तर समजावे की मूळ अजून हाती लागलेले नाही; तेव्हा लाज न धरता पुन्हा खणावे.

कारखान्यात काम करणाऱ्या भावाबहिणींना एक विशेष सांगणे आहे. मोठा अपघात बहुधा न सांगता येत नाही. आधी लहान लहान इशारे होतात. पाय घसरतो पण माणूस सावरतो. झडप अडकते पण सुटते. वास येतो आणि जातो. आपण म्हणतो, "वाचलो बुवा, देवाची कृपा," आणि विसरतो. असा प्रत्येक प्रसंग वहीत टिपून ठेवा, सुरक्षा समिती असेल तर तिच्यापुढे मांडा. त्या वेळी 'का' विचारायला फक्त थोडा वेळ लागतो. अपघात झाल्यावर तोच प्रश्न एखाद्या घरची माणसे रडत रडत विचारतात, आणि तेव्हा उत्तर सापडले तरी गेलेला हात परत येत नाही.

तेव्हा श्रोते हो, येत्या आठवड्यात एवढेच करून पाहा. आपल्या कामाच्या जागेवरची, पुन्हा पुन्हा येणारी एकच अडचण निवडा. फार मोठी नको. चार माणसे जमवा, फळा किंवा पाटी घ्या, आणि 'का' विचारायला लागा. पहिले उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने येईल. ते नाव पाटीवर लिहू नका. त्या माणसालाच जवळ बसवा आणि पुढला 'का' त्याला विचारा.